सध्या काय वाचताय, आणि कशावर? (बाबांना ई-रीडर घेऊ की नको)

कृष्णाकाठ
मंडळी, 'सध्या काय वाचताय'चा मागचा धागा पाचशे प्रतिसाद होऊन झोपी गेलाय, म्हणून नवा काढते. निमित्त घरगुती आहे.

बाबा ७४ वर्षांचे, सांगलीत असतात. मी ठाण्यात. वाचन हा त्यांचा एकच नाद. घरातल्या पुस्तकांची एक वही १९७८ पासून ठेवलीय, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाचनालयात असते तशी. दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत, आणि शेवटचा रकाना 'कोणास दिले'. २०१९च्या पुरात कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. गुळगुळीत कागदाची पुस्तकं चिकटून अक्षरशः विटा झाल्या. साध्या कागदाची होती, त्यांच्या पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून आम्ही ती गच्चीवर वाळवली. फुगून दुप्पट झाली, पण वाचली. जी गेली त्यांच्या नोंदीपुढे बाबांनी 'कोणास दिले'मध्ये लिहिलंय : कृष्णामाई.

तर आता संधिवात. उजव्या मनगटाला पट्टा असतो. त्यात यंदा त्यांनी सरदेसाईंची मराठी रियासत, म्हणजे मराठ्यांचा इतिहास, परत पहिल्यापासून वाचायला घेतलीय. आठ खंड, एकेक खंड उचलायचा म्हणजे व्यायाम. पोटावर उशी, उशीवर खंड, असं पडून वाचतात आणि दहा मिनिटांनी खंड नाकावर येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टायपाचा त्रास होतो तो होतोच.

प्रश्न :
कोणी वयस्क माणसाला ई-रीडर दिलाय का? वापरलं का त्यांनी, की शोकेसमध्ये गेला? मराठी पुस्तकं मिळतात का पुरेशी? आणि अर्थातच, तुम्ही सध्या काय वाचताय?

मी स्वतः लोकलमध्ये मोबाईलवर दिवाळी अंकातल्या कथा वाचतेय. कळव्याला एक सुरू केली की मस्जिदला संपते.

चहाबाज
घ्या. डोळे झाकून घ्या. म्हणजे उघडे ठेवून घ्या.

पेठेतला पेठकर
आता पुढच्या दहा प्रतिसादांत कोणीतरी 'पुस्तकाचा तो वास' असं लिहिणार. आधीच सांगून ठेवतो, मी कंटाळलोय.

रत्नांग्रीकर
@पेठकर, आमच्याकडं येवा एकदा श्रावणात. वास दाखवतो. चार महिने पुस्तकांवर हिरवी बुरशी, ती पुसली की वाळवी. वेखंड ठेवून झालं, कडुनिंब झाला, डांबरगोळ्या झाल्या. आजोबांच्या पोथ्या लाल फडक्यात बांधलेल्या, वरून एकदम ठाकठीक. गाठ सोडली तर आत नुसता मातीचा बोगदा. वाळवीनं शेवटचा अध्याय तेवढा ठेवला होता, बहुतेक फलश्रुती तिला पटली नाही.

तेव्हापासून मी यंत्रवाला. ताई, घेऊन टाका.

निशाचर नागपूर
माझा अनुभव थेट तुमच्या कामाचा आहे म्हणून जरा लांब लिहून राहिलो.

आईला तीन वर्षांपूर्वी दिला, ती तेव्हा ६९ची. पहिला महिना हात लावला नाही. म्हणे मोबाईलनं डोळे जातात, हाही मोबाईलच. मग एक दिवस दुपारी उन्हात अंगणात नेऊन दाखवला. मोबाईलचा पडदा उन्हात काळा पडतो, हा उलट जास्त स्वच्छ दिसतो. कारण याच्या पडद्यात दिवा नाही. आत बारीक बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेनं हवे ते कण वर ओढले की अक्षर उमटतं आणि तसंच राहतं. पान बदलतानाच काय ती वीज लागते, म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. रात्रीसाठी जो उजेड असतो तो कडेनं पडद्यावर पडतो, डोळ्यात घुसत नाही. हे तिला सांगितलं नाही, फक्त उन्हात नेलं. पटलं.

खरा फायदा अक्षराचा. आईच्या पडद्यावर एका पानात सात-आठ ओळी मावतात, इतकं मोठं अक्षर ठेवते ती. मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं छापील कुठे मिळतात? पोथ्या सोडल्या तर नाहीच. वजन दीड-दोनशे ग्रॅम, मनगटाचा प्रश्न मिटला. फक्त बटणवाला आता जवळपास मिळत नाही, बोटानं पडद्याला टेकवून पान उलटावं लागतं. कोरड्या बोटाला कधी कधी दाद देत नाही, मग आई पुस्तकासारखी जिभेला बोट लावते. 😄

आई सध्या प्रवासवर्णनं वाचतेय, मी काही नाही. तिचं वाचून झालेलं ऐकतो.

चहाबाज
जिभेला बोट लावून पडदा उलटणं... हसून हसून पुरेवाट.

जुळारी
तीस वर्षं छपाईच्या धंद्यात आहे, त्यामुळे मराठी ई-पुस्तकांबद्दल थोडं आतलं सांगतो. यंत्र चांगलंच आहे हो, गोम मजकुरात असते.

आपल्याकडची पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टांत जुळवलेली. त्यात अक्षर म्हणजे चित्राचे तुकडे. पहिली वेलांटी आधी टंकायची, मग व्यंजन. युनिकोड या आताच्या प्रमाण पद्धतीत उलटं, व्यंजन आधी. जुन्या फाईलवरून ई-पुस्तक करताना यंत्रानं रूपांतर केलं आणि कोणी डोळ्यांखालून घातलं नाही, की रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. 'धर्म'चा 'धमर्' आणि 'कार्य'चं 'कायर्'. 'सुऱ्या', 'दऱ्या'तला अर्धा र तर हमखास फुटतो. मी पैसे देऊन घेतलेल्या एका ऐतिहासिक कादंबरीत नायक शेवटपर्यंत 'पराकर्म' गाजवत होता.

म्हणून विकत घेण्याआधी नमुन्याची पानं फुकट उतरवता येतात ती नक्की उतरवा आणि त्यात रफार शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. प्रकाशकानं मुद्रितशोधन केलंय की नाही ते तिथंच कळतं. नवी पुस्तकं मूळ युनिकोडमध्येच जुळवलेली असतात, ती बहुतेक ठीक असतात.

वाचन : मुद्रितं. पोटापाण्याचं.

पेठेतला पेठकर
'पराकर्म' छापील पुस्तकांतही गाजतो हल्ली. मुद्रितशोधक ही जात कागदावरही संपत आलीय.

जुळारी
@पेठकर, खरंय. दुखरी नस दाबलीत.

दूरदेशी
श्टुटगार्टहून. आमच्यासाठी हा वादच नाही. भारतातून येताना बॅगेला २३ किलो. त्यात आईचं मेतकूट, कुळथाचं पीठ, पापड, भाजणी. पुस्तकांना उरतात दोन किलो. विमानतळावर काटा पुढे गेला की पहिलं काय बाहेर येतं? भाजणी नाही येत. मी एकदा तीन पुस्तकं अंगातल्या कोटाच्या खिशांत घालून विमानात चढलोय.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी अधिकृतपणे आलं २०१६च्या डिसेंबरात. त्याआधी आम्ही पीडीएफवर दिवस काढले. आमच्या मंडळाचं वाचनालयही आहे, एका सभासदाच्या तळघरात तीन कपाटं. त्यात निम्मी पुस्तकं पाककृतींची आणि निम्मी लोकांनी भारतात परत जाताना टाकून दिलेली. तरी तिथं शनिवारी जमतो, कारण चहा असतो.

सध्या वाचतोय : गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', फुकट उतरवलेली पीडीएफ. वरसईचा एक भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत जातो, १८५७च्या धामधुमीत सापडतो आणि झाशीचा वेढा आतून पाहतो. काय लिहिलंय!

ग्रंथपालीण
@दूरदेशी, तुमच्या पीडीएफच्या पहिल्या पानावर साल बघा बरं. १९०७ असेल तर ती चिं. वि. वैद्यांनी छापलेली आवृत्ती. त्यांनी भाषेवरून हात फिरवला आणि मजकुरातही काटछाट केली, इंग्रजी राज्य होतं. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक पोतदारांनी काढलं ते १९६६ मध्ये. दोन्ही 'माझा प्रवास'च, पण भटजींचा आवाज ऐकायचा तर दुसरं.

कपाटातल्या पुस्तकाला निदान पाठपान असतं, आवृत्ती कुठली ते दिसतं. फुकट फिरणाऱ्या फायलींची पहिली चार पानं कोणीतरी आधी उडवलेली असतात. वाचक मग 'मी हे वाचलंय' म्हणतो आणि वाचलेलं असतं भलतंच.

दूरदेशी
१९०७च निघाली. 😐 म्हणजे मी वैद्यांचा प्रवास वाचतोय.

खोडसाळ
पोतदारांची आवृत्ती आणायची तर पुढच्या वेळी भाजणी सोडा.

ग्रंथपालीण
आता मूळ प्रश्नाकडे. कृष्णाकाठ, तुमच्या बाबांच्या बाबतीत एक चांगली बातमी आणि एक वाईट.

चांगली : आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. रियासतकार सरदेसाई गेले १९५९ मध्ये, त्यामुळे त्यांचं लेखन २०२०च्या जानेवारीपासून खुलं झालंय. साने गुरुजींचं २०११पासूनच. रियासतीच्या जुन्या खंडांच्या स्कॅन केलेल्या प्रती उतरवून वाचण्यात चोरी नाही. नव्या संपादित आवृत्तीचं संपादन, टिपा हे वेगळं, त्याला हात लावू नका.

वाईट : स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. सहा इंची यंत्रावर अख्खं पान आकसून येतं, अक्षर मोठं करता येत नाही, नुसतं पान सरकवत बसावं लागतं. ज्यासाठी यंत्र घ्यायचं तेच साधत नाही. त्याला दहा इंची लागतं, ते महाग आणि जड.

निशाचर नागपूर
बरोबर. मी लिहायला विसरलो, आईची सगळी पुस्तकं विकत घेतलेली ई-पुस्तकंच आहेत. पीडीएफ कापून-छाटून लहान पडद्याजोगी करणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत, पण जुन्या मराठी छपाईवर ती गडबडतात. जोडाक्षराच्या मधूनच ओळ तोडतात.

सावित्रीची लेक
माझ्याकडे एका ग्रुपवर सगळ्या गाजलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, हव्यात तर व्यक्तिगत निरोप करा.

जुळारी
ताई, रागावू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघते, ती खपायला दोन-तीन वर्षं लागतात. तुमच्या ग्रुपात किती माणसं आहेत?

सावित्रीची लेक
एक हजार चोवीस. आलं लक्षात.

खोडसाळ
एक आख्खी आवृत्ती!

पेठेतला पेठकर
माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे. वास, स्पर्श वगैरे मला काही नाही. पुस्तक माझं असलं पाहिजे. ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे वाचायचा परवाना घेतला, पुस्तक नाही. २००९ मध्ये अमेरिकेत लोकांनी पैसे मोजून किंडलवर घेतलेलं ऑर्वेलचं '१९८४' कंपनीनं परस्पर पुसलं. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण पुस्तक कुठलं पुसलं बघा! माझ्या माळ्यावर चढून कोणी पुस्तक नेलंय का आजवर?

चहाबाज
मेव्हणे नेतात.

पेठेतला पेठकर
ते मान्य. पण मेव्हण्याच्या घरी जाऊन भांडता येतं. आणि दुसरं, ई-पुस्तक कोणाला देता येत नाही. आमच्या अर्ध्या मैत्र्या पुस्तकं देण्या-घेण्यातून झाल्या आणि न परत करण्यातून तुटल्या.

निशाचर नागपूर
यंत्रच द्यायचं की.

पेठेतला पेठकर
हलकेच घ्या, पण कपाटासकट पुस्तक देणारा मी अजून पाहिला नाही.

वहिनीसाहेब
मी दोन्हीकडची. कादंबऱ्या आणि एकदा वाचून बाजूला ठेवायचं ते सगळं यंत्रावर. स्वयंपाकाची पुस्तकं, कविता आणि पुन्हा पुन्हा उघडायचं ते कागदावर. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' मी दर मराठी महिना लागला की त्या महिन्याचं प्रकरण असं वाचते, गेली सहा वर्षं. माझ्या प्रतीत श्रावणावर आमटीचा डाग आहे आणि फाल्गुनात मुलाच्या दहावीचं हॉल तिकीट. तारीख बघायला मी कॅलेंडरऐवजी ते उघडते. यंत्रात हे कुठे ठेवायचं?

दिवाळी अंकांचं काय करता मंडळी? तीन रकान्यांची पीडीएफ यंत्रावर म्हणजे शिक्षा आहे.

रत्नांग्रीकर
अंक कागदावरच. आमच्या वाचनालयात एकदम पैसे भरून अंकांची योजना असते, शिमग्यापर्यंत पुरतात. १९०९मध्ये 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला म्हणतात, तेव्हापासून आतल्या जाहिरातींसकट वाचायची गोष्ट आहे ती. माझी आजी आधी केशतेलाच्या जाहिराती वाचायची, मग कथा.

जाता जाता, कळव्याला सुरू झालेली कथा मस्जिदला संपते म्हणजे लोकल वेळेवर आहे की कथा छोट्या आहेत?

कृष्णाकाठ
लोकल उशिरा आहे. 😄

मधल्या काळात बाबांशी बोलले. ऑडिओबुकचं सुचवलं. म्हणाले, वाचून दाखवायला मी काय पोथी ऐकणारा आहे का? आणि माझ्या आधी तो माणूस पुढे जातो, मला अमुक वाक्यावर थांबायचं असतं.

बांधणीवाला
पहिल्यांदाच लिहितोय, वाचनमात्र होतो. उपाय सांगतो, मारू नका.

खंड जड आहे ना? मग तो दोन करा. जुनी शिलाईची बांधणी असेल तर पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुजांचं, म्हणजे घडी घालून शिवलेल्या गठ्ठ्यांचं, बनलेलं असतं. पुठ्ठा सोडवायचा, मधल्या दोन जुजांमधला दोरा उसवायचा, पान एकही कापायचं नाही. दोन्ही भागांना नवी शिलाई, पाठीला कापड, पातळ पुठ्ठा. सातशे पानांचा खंड साडेतीनशेचे दोन होतात. हातात धरता येतात. नुसता डिंक लावलेली नवी बांधणी असेल तर मात्र हे नीट होत नाही, पानं सुटतात. आधी पाठीकडून बघा, जुजांच्या कमानी दिसल्या पाहिजेत.

मी वकिलांची जाडी पुस्तकं अशी कित्येकदा केलीत. कोर्टात एवढं कोण उचलतो?

पेठेतला पेठकर
रियासतीचे तुकडे!!! अरे पानिपतात जे झालं ते कमी आहे का?

वहिनीसाहेब
माझ्या अंगावर काटा आला वाचून.

ग्रंथपालीण
मला नाही आला. आमच्याकडे संदर्भाची जुनी पुस्तकं अशीच दोन भागांत बांधतो आम्ही. पाठ फुटून पानं हरवण्यापेक्षा बरं. हवं तर आणखी सोपं : ज्ञानेश्वरी वाचायला लाकडी घडीचं व्यासपीठ मिळतं, ते टेबलावर ठेवून खंड त्यावर. धरायचा प्रश्नच नाही.

खोडसाळ
यंत्राच्या धाग्यात शेवटी सुई-दोराच जिंकणार असं दिसतंय.

दूरदेशी
वैद्यांची आवृत्ती संपवली. पोतदारांची मागवलीय, भाऊ आणतोय दिवाळीत. भाजणी त्याच्या हातसामानात.

कृष्णाकाठ
दीड महिन्यानं लिहितेय, माफ करा. वृत्तांत :

व्यासपीठ आणलं. बाबा म्हणाले टेबलाशी ताठ बसून वाचायला मी परीक्षेला बसलोय का. ते आता आईकडे देवघरात गेलं.

मग बांधणीवाल्यांचं सांगितलं. मला वाटलं घराबाहेर काढतील. त्यांनी पहिला खंड घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला, म्हणाले जुजं आहेत. गणपती पेठेकडच्या एका म्हाताऱ्या बांधणीवाल्याकडे स्वतः घेऊन गेले. आठ दिवसांनी दोन भाग आले, पाठीला मरून कापड. वहीत मूळ नोंद होती १८७. तिच्यापुढे आता १८७/अ आणि १८७/ब. बाकीचे खंड एकेक करून जाणार आहेत, म्हणजे हा वाचून झाला की पुढचा. पेठकर, तुमचा निरोप दिला. ते म्हणाले, पानिपतानंतरही मराठे परत उत्तरेत गेले होते म्हणावं.

आणि यंत्रही घेतलं. सहा इंचीच. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, असं चाळीसेक पुस्तकांचं भरून दिलं, सगळी रफार तपासून. अक्षर मोठं केल्यावर पहिल्यांदा काहीच बोलले नाहीत, सलग दीड तास वाचत बसले. तक्रार एकच : किती पानं उरलीत ते डाव्या-उजव्या हाताला कळत नाही, खाली टक्के दिसतात. "त्रेसष्ट टक्के झालं म्हणजे काय झालं? मॅट्रिकचा निकाल आहे का?" दुसऱ्या दिवशी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वहीत चढवलं. दाखल क्रमांक ६१२. नाव : यंत्र. लेखक : अनेक.

परवा फोन केला तर बाबा वर्तमानपत्रातली जागेची जाहिरात वाचत होते. म्हटलं यंत्र कुठंय? शेजारच्या काकांनी त्यातलं एक पुस्तक वाचायला मागितलं, बाबांनी सवयीनं दिलं. 'कोणास दिले'मध्ये तारखेसह नोंद आहे. आज सहावा दिवस. काका अजून पहिल्याच पुस्तकात आहेत, बाकीची एकोणचाळीसही त्यांच्याचकडे, आणि १८७/ब बाबांचा काल संपला.